छताचं प्लास्टर अंगावर पडलं, तर जबाबदार कोण? घरमालकाची जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे थांबते

दर पावसाळ्यात मुंबई, ठाणे, भिवंडी, पुण्याच्या जुन्या पेठा, सगळीकडून त्याच बातम्या येतात. छताचं प्लास्टर कोसळलं. गॅलरीचा कठडा निखळला. चाळीच्या जिन्याची पायरी तुटली. सज्जाचा तुकडा खालून जाणाऱ्याच्या डोक्यात पडला. बातमीत जखमींचा आकडा असतो आणि 'इमारत जुनी होती' असं एक वाक्य असतं. पण उपचारांचा खर्च कोण देतं, बुडालेल्या पगाराचं काय होतं आणि घरमालकावर खरंच काही कारवाई होते का, हे पुढे क्वचितच कळतं.

थोडक्यात उत्तर असं की, दुरुस्तीकडे दुर्लक्ष केल्यामुळे कुणी जखमी झालं तर घरमालक जबाबदार ठरू शकतो. त्याला भरपाई द्यावी लागू शकते आणि त्याच्यावर गुन्हाही दाखल होऊ शकतो. पण हे आपोआप होत नाही. तो भाग कोणाच्या ताब्यात होता, धोका कोणाला माहीत होता आणि माहीत असून काय केलं, या तीन प्रश्नांवर बहुतेक प्रकरणं उभी राहतात किंवा कोसळतात.

यासाठी वेगळा कायदा आहे का?

इंग्लंडमध्ये जागेच्या ताबेदाराची तिथे येणाऱ्या माणसांबद्दलची जबाबदारी सांगणारा स्वतंत्र कायदा १९५७ पासून आहे. भारतात असा एकच कायदा नाही. महाराष्ट्रात घरमालकाची जबाबदारी चार-पाच ठिकाणी विखुरलेली आहे.

पहिला आहे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्याचं कलम १४ सांगतं की, भाडेकरूशी वेगळा करार झालेला नसेल तर जागा राहण्यायोग्य आणि चांगल्या स्थितीत ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे.

दुसरा आहे मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२. त्याच्या कलम १०८ नुसार, जागेत एखादा मोठा दोष असेल, तो मालकाला माहीत असेल आणि भाडेकरूला नेहमीच्या काळजीनं पाहूनही दिसण्यासारखा नसेल, तर मालकानं तो आधीच सांगितला पाहिजे. उदाहरणार्थ, फॉल्स सीलिंगच्या वर स्लॅबच्या सळया गंजलेल्या आहेत हे मालकाला माहीत असणं आणि त्यानं ते न सांगणं.

तिसरा आहे नुकसानभरपाईचा सर्वसाधारण कायदा. तो कुठल्याही एका पुस्तकात कलमवार लिहिलेला नाही, न्यायालयांच्या निकालांतून घडलेला आहे. ज्याच्यावर काळजी घेण्याची जबाबदारी होती, त्यानं ती घेतली नाही आणि त्यामुळे दुसऱ्याला इजा झाली, तर भरपाई द्यावी लागते, असं त्याचं साधं सूत्र आहे.

आणि चौथी आहे भारतीय न्याय संहिता, म्हणजे फौजदारी बाजू. तिच्याकडे पुढे येऊ.

लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांचं काय?

आज शहरात ११ महिन्यांच्या करारावर राहणारी बहुतेक मंडळी स्वतःला भाडेकरू म्हणवतात. कायद्याच्या भाषेत ते सहसा 'लायसन्सी' असतात, म्हणजे जागा वापरायची परवानगी मिळालेले. कलम १४ ची भाषा 'भाडेकरू' या शब्दाभोवती आहे. त्यामुळे लायसन्सीला त्याचा थेट आधार मिळेलच असं नाही.

पण म्हणून लायसन्सी वाऱ्यावर नसतो. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ मधली दोन छोटी कलमं इथे उपयोगी पडतात. कलम ५७ म्हणतं की, जागेत जिवाला किंवा सामानाला धोका होईल असा दोष असेल, तो मालकाला माहीत असेल आणि लायसन्सीला माहीत नसेल, तर मालकानं तो सांगितलाच पाहिजे. कलम ५८ म्हणतं की, जागा धोकादायक होईल असं काहीही मालकानं करायचं नाही.

बाथरूमच्या गीझरला अर्थिंग नाही आणि आधीच्या लायसन्सीनं शॉक लागल्याची तक्रार केली होती, असं समजू. मालकानं ती तक्रार नव्या माणसापासून लपवून घर दिलं आणि अपघात झाला, तर कलम ५७ नेमकं इथेच लागू पडतं.

यापलीकडे सगळं करारावर अवलंबून असतं. 'किरकोळ दुरुस्ती लायसन्सीची, मोठी दुरुस्ती मालकाची' असं वाक्य बऱ्याच करारांत असतं. पण किरकोळ कुठे संपतं हे लिहिलेलं नसतं. वायरिंग, गळती, स्लॅब, ग्रील आणि गीझर यांची नावं घेऊन कोणती दुरुस्ती कोणाची हे सही करण्याआधीच लिहून घेतलेलं बरं.

कुठला भाग कोणाचा?

जबाबदारी ठरवताना न्यायालय आधी ताबा कोणाचा होता ते पाहतं. साधारण चित्र असं असतं:

- सामाईक जिना, पॅसेज, गच्ची, पाण्याची टाकी, बाहेरची भिंत: एकाच मालकाची इमारत किंवा चाळ असेल तर मालक. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर संस्था.
- स्लॅब, बीम, कॉलम: मालक किंवा संस्था. पण राहणाऱ्यानं परवानगीशिवाय तोडफोड केली असेल तर तोही अडकतो.
- घराच्या आतली रोजची देखभाल: राहणारा. बाल्कनीच्या कठड्यावर त्यानं ठेवलेली कुंडी खाली पडली, तर मालकाकडे बोट दाखवता येत नाही.
- लिफ्ट: मालक किंवा संस्था. लिफ्टसाठी महाराष्ट्रात २०१७ चा वेगळा कायदा आहे.

फ्लॅट संस्थेत असेल आणि गच्चीतून पाणी झिरपून भाड्यानं दिलेल्या घरातलं प्लास्टर पडलं, तर मालक संस्थेकडे बोट दाखवतो आणि संस्था मालकाकडे. अशा वेळी जखमी माणसानं यातल्या एकाचीच निवड करायची गरज नसते. दाव्यात दोघांनाही प्रतिवादी करता येतं. कोणाचा वाटा किती, हे न्यायालय ठरवतं.

घरी आलेला पाहुणा, धुण्या-भांड्यांसाठी येणाऱ्या ताई किंवा डिलिव्हरी देणारा मुलगा जखमी झाला तर त्याचा मालकाशी कुठलाच करार नसतो. तरीही त्याला भरपाई मागता येते, कारण काळजी घेण्याची जबाबदारी करारातून येत नाही, ताब्यातून येते.

रस्त्यावरून जाणाऱ्याला लागलं तर?

इथे कायदा जास्त कडक आहे. त्याचं मूळ दिल्लीच्या चांदणी चौकातल्या घंटाघरात आहे. टाऊन हॉलसमोरचा हा घड्याळाचा मनोरा १९५१ मध्ये कोसळला आणि त्याखाली माणसं मेली. मनोरा महापालिकेच्या मालकीचा होता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९६६ मध्ये निकाल लागला.

मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता. वरच्या भागात वापरलेल्या चुन्याचं आयुष्य ४० ते ४५ वर्षं असतं, असं पुराव्यात आलं होतं. 'दोष बाहेरून दिसत नव्हता' हा बचाव कोर्टानं मान्य केला नाही. वर्दळीच्या रस्त्याला लागून ज्याची इमारत आहे, त्याच्यावर तिच्या सुरक्षेची खास जबाबदारी असते. दोष वरवर दिसणारा असो वा लपलेला, त्यामुळे रस्त्यावरच्या माणसाला इजा झाली तर मालक जबाबदार, असं कोर्टानं सांगितलं.

याच निकालात 'रेस इप्सा लॉक्विटर' हे तत्त्व वापरलं गेलं. घटनाच स्वतः सगळं बोलते, असा त्याचा अर्थ. नीट देखभाल केलेला मनोरा आपोआप पडत नाही. तो पडला, याचाच अर्थ कुठेतरी दुर्लक्ष झालं. दुर्लक्ष झालं नव्हतं हे मग मालकानं सिद्ध करायचं.

म्हणजे फरक असा की, घरात राहणाऱ्याच्या बाबतीत 'मालकाला माहीत होतं का' हा कळीचा प्रश्न असतो. रस्त्यावरच्या माणसाच्या बाबतीत 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर मालकाला वाचवत नाही.

पोलिस केस होते का?

होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यातली ही कलमं अशा प्रकरणांत महत्त्वाची ठरतात:

- कलम १०६(१): निष्काळजीपणामुळे मृत्यू. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या भारतीय दंड संहितेत हीच शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती.
- कलम १२५: दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणणारं बेदरकार किंवा निष्काळजी कृत्य. गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- कलम २९०: इमारत पाडताना, दुरुस्त करताना किंवा बांधताना पुरेशी खबरदारी न घेणं. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

जीव जाईल याची जाणीव असूनही कृत्य केलं असं पोलिसांना वाटलं, तर सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ ही लागू शकतं. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरच्या दामोदर पार्क भागात चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर सुरू असलेलं नूतनीकरणाचं काम तपासाच्या केंद्रस्थानी आलं. इमारतीत एखादाच गाळा ज्याच्या मालकीचा आहे, त्यानं केलेल्या फेरफारांची किंमत सगळ्या इमारतीला मोजावी लागू शकते, हे त्या घटनेत दिसलं.

फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा या दोन वेगळ्या वाटा आहेत. मालकाला अटक झाली म्हणून जखमीला पैसे मिळत नाहीत. त्यासाठी दिवाणी न्यायालयात वेगळा दावा करावा लागतो.

जुन्या मुंबईत हा प्रश्न इतका अवघड का?

मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. ती अर्धं शतक जवळपास तशीच राहिली. डिसेंबर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टानं ही गोठवलेली भाडी अवाजवी असल्याचं म्हटलं. त्यानंतर १९९९ चा कायदा आला आणि वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली. पण मूळ भाडंच इतकं कमी होतं की, पागडीच्या खोल्यांचं महिन्याचं भाडं कित्येक ठिकाणी आजही काही शे रुपयांतच आहे. इतक्या भाड्यात इमारत कशी दुरुस्त करायची, असं मालक म्हणतात. इथे पिढ्यानपिढ्या राहतोय, आता जायचं कुठे, असं भाडेकरू म्हणतात.

कलम १४ मधला उपायही इथे लंगडा पडतो. त्यानुसार भाडेकरूनं मालकाला किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. तरीही वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त रक्कम वळती करता येत नाही. महिन्याला २०० रुपये भाडं असेल तर वर्षाचं होतं २,४०० आणि त्याचा चौथा हिस्सा ६०० रुपये. इतक्या पैशांत स्लॅब सोडाच, एका भिंतीचं प्लास्टरही होत नाही.

यावर उपाय म्हणून मुंबई शहरात १९६९ पासून उपकराची पद्धत आली. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींची संरचनात्मक दुरुस्ती आज म्हाडाचं इमारत दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळ करतं. त्यामुळे अपघातानंतर मालक, म्हाडा आणि महापालिका अशी तिहेरी टोलवाटोलवी होते. जुलै २०१९ मध्ये डोंगरीच्या केसरबाई इमारतीचा भाग कोसळून दहाहून अधिक जण दगावले, तेव्हा पडलेला भाग उपकरप्राप्त इमारतीचा नव्हता, ते बेकायदा बांधकाम होतं, अशी भूमिका म्हाडानं घेतली होती. इमारत कोणाच्या यादीत आहे, हा प्रश्न माणसं ढिगाऱ्याखालून काढली जात असताना विचारला जातो, तेव्हा उशीर झालेला असतो.

इमारत धोकादायक आहे हे कोण ठरवतं?

मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब नुसार ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची तपासणी पालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेणं मालकावर किंवा ताबेदारावर बंधनकारक आहे. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीसाठी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीसाठी तीन वर्षांतून एकदा ऑडिट सांगितलं आहे.

तपासणीनंतर इमारत एका वर्गात टाकली जाते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, लगेच रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे न हलता संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

ऑडिटचा अहवाल हातात आला की 'आम्हाला कल्पना नव्हती' असं म्हणायची सोय मालकाला किंवा संस्थेच्या कमिटीला राहत नाही. अहवाल कपाटात ठेवून दिला आणि नंतर अपघात झाला, तर तोच कागद त्यांच्याविरुद्धचा पुरावा होतो.

घर सोडलं तर हक्क जाईल का?

सी-१ ची नोटीस येऊनही लोक का राहतात, याचं मोठं कारण ही भीती आहे. एकदा बाहेर पडलो की मालक परत घेणार नाही, असं वाटतं. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडी बाजारातल्या पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळून ३३ जणांचा मृत्यू झाला. ती पुनर्विकासात जाणार होती. काही कुटुंबं आधीच हलली होती, काही तिथेच राहत होती.

या भीतीला कायद्याचं उत्तर आहे. पालिकेनं इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं. मात्र बाहेर पडण्याआधी आपल्या खोलीचं क्षेत्रफळ पालिकेच्या नोंदीत आल्याची खात्री करावी. भाडेपावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड आणि खोलीचे फोटो सोबत ठेवावेत.

करारात 'मालक जबाबदार नाही' असं लिहिलं असेल तर?

अशी अट सही करणाऱ्याचा दिवाणी दावा अवघड करू शकते. पण करारात नसलेल्या माणसाला, म्हणजे पाहुण्याला किंवा वाटसरूला ती लागू होत नाही. गुन्हेगारी जबाबदारी तर कुठल्याच करारानं माफ करता येत नाही. माहीत असलेला धोका लपवला असेल, तर या एका ओळीच्या आड लपणं मालकाला सोपं जात नाही.

अपघात होण्याआधी काय करावं?

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे लेखी तक्रार. मालक भेटला तेव्हा तोंडी सांगितलं, भाडं न्यायला येणाऱ्या मेहताला सांगितलं, याला नंतर पुरावा राहत नाही. नोटीस वकिलाकडूनच पाठवायला हवी असंही नाही. साध्या कागदावर इतकं पुरतं:

'आपल्या मालकीच्या अमुक पत्त्यावरील खोलीत मी भाडेकरू आहे. स्वयंपाकघराच्या छताचे प्लास्टर सुटले असून सळया उघड्या पडल्या आहेत. यामुळे जिवाला धोका आहे. सोबत फोटो जोडले आहेत. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती करावी. तसे न झाल्यास होणाऱ्या इजेची व नुकसानीची जबाबदारी आपली राहील.'

खाली तारीख आणि सही करून स्पीड पोस्टानं पाठवावं आणि पोच जपून ठेवावी. तेच व्हॉट्सअॅप आणि ईमेलवरही पाठवावं. धोका मोठा असेल तर एक प्रत पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला द्यावी. मुंबईत कलम ३५४ खाली पडायला आलेली इमारत रिकामी करायला लावण्याचा अधिकार पालिकेला आहे.

अपघात झालाच तर?

१. आधी उपचार. हॉस्पिटलमध्ये इजा कशी झाली ते नेमकं सांगावं आणि मेडिको-लीगल केस म्हणून नोंद झाली का ते पाहावं. 'घरात पडले' अशी मोघम नोंद पुढे नडते.

२. पडलेला भाग हलवण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढावेत. ज्या मोबाइलमध्ये ते आहेत तो विकू नये, पुरावा देताना मूळ फाइल लागू शकते.

३. पोलिस ठाण्यात तक्रार द्यावी. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं जात असेल तर झिरो एफआयआरचा आग्रह धरावा.

४. बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, रजेचे आणि पगार कापल्याचे कागद एका फाइलमध्ये ठेवावेत. भरपाई उपचारांचा खर्च, बुडालेली कमाई, कायमचं अपंगत्व आणि सोसलेला त्रास यांवर ठरते.

५. मुदत सांभाळावी. जखमी माणसाला दाव्यासाठी साधारण तीन वर्षं असतात. मृत्यू झाला असेल तर कुटुंबाला प्राणघातक अपघात कायदा, १८५५ खाली दोन वर्षांत दावा करावा लागतो. मुंबई महापालिकेविरुद्ध दावा असेल तर एक महिन्याची नोटीस लागते आणि मुदतही फक्त सहा महिन्यांची असते.

६. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. महिला, अनुसूचित जाती-जमातींमधले लोक, अपंग व्यक्ती आणि मोठ्या दुर्घटनांतले पीडित यांना मोफत वकील मिळू शकतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

भरपाई किती मिळते?

ठरलेला दर नाही. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात १३ जून १९९७ ला लागलेल्या आगीत ५९ जणांचा मृत्यू झाला. सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये २० वर्षांवरच्या मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी १० लाख आणि त्याहून लहान मृतांसाठी साडेसात लाख रुपये ठरवले. त्यातला ८५ टक्के भार सिनेमागृह चालवणाऱ्यांवर आणि १५ टक्के वीज मंडळावर टाकला. महापालिकेला मात्र भरपाईच्या जबाबदारीतून सोडलं. घटनेपासून या निकालापर्यंत १४ वर्षं गेली होती.

मोठ्या दुर्घटनेनंतर सरकार जाहीर करतं ती रक्कम म्हणजे सानुग्रह मदत. ती घेतली म्हणून मालकाविरुद्धचा दावा संपत नाही. मदतीचा चेक घेताना एखाद्या कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही मागितली जात असेल, तर आधी वाचून, समजून घेऊन मगच सही करावी.

अशी प्रकरणं लांबतात आणि बरीच मध्येच सोडून दिली जातात, त्याचं एक कारण म्हणजे मालकाला धोका माहीत होता हे सिद्ध करणारा कागद नसतो. तक्रारीचं पत्र पाठवायला स्पीड पोस्टाचे थोडे रुपये लागतात. दुरुस्ती झाली तर काम झालंच. नाही झाली, तरी 'आम्हाला कोणी सांगितलंच नाही' हे वाक्य त्या तारखेपासून मालकाला म्हणता येत नाही.